चीजचा गोळा का होतो?

प्रश्न : ताई, कामावरून घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात आणि मुलाला पास्ताच हवा असतो. पालक-चीज घालून करते, पण पालक काळपट पडतो. मोझरेलाचा तर चिवट गोळा होऊन तो कढईलाच चिकटतो. सासूबाईंची वेगळीच शंका : चीज शाकाहारी असतं का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पास्ता उकडलेलं पाणी तुम्ही मोरीत ओतत असणार. खरी गोम तिथेच आहे. त्या गढूळ पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो, तोच चीजला सांभाळून घेतो. गाळण्याआधी वाटीभर काढून ठेवा. २०० ग्रॅम पास्त्याला २ लिटर पाणी घ्या. मीठ बेतानंच, चीज खारट असतं. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी उतरवा.

तोवर दुसऱ्या शेगडीवर तेलात ठेचलेला लसूण, त्यावर चिरलेला पालक, मोठी आच. झाकण ठेवू नका! पानांतली आम्लं वाफेबरोबर निघून गेली नाहीत, तर हिरवा रंग मळकट होतो. लक्ष्मी मंडईत पालक मरगळलेला दिसला, तर राजगिरा किंवा मेथी घ्या. शेपू मात्र नको. भाकरीबरोबर मला तो जिवापाड आवडतो, पण इथे चीजची चवच लागू देत नाही.

आता पालकात पास्ता आणि अर्धी वाटी ते पाणी घालून ढवळा. गॅस बंद करा, उकळी बसू द्या, मगच किसलेलं चीज मूठ-मूठ घालत हलवा. उकळत्यात पडलं की त्यातली प्रथिनं आक्रसतात, गोळा होतो आणि तेल सुटतं. मोझरेला तर ताणण्यासाठीच प्रसिद्ध, ते पिझ्झ्यावर शोभतं. इथे साधं प्रोसेस्ड चीज वापरा, त्यातल्या इमल्सिफायरमुळे (तेल-पाणी एकजीव ठेवणाऱ्या घटकामुळे) ते सरसरीत वितळतं. कमी पडलं तर राहिलेलं पाणी आहेच.

सासूबाईंची शंका रास्त आहे. चीजसाठी दूध घट्ट करायला पूर्वापार वासराच्या जठरातलं रेनेट नावाचं विकर वापरत आले आहेत, इटलीचं पार्मिजानो रेजानो चीज आजही त्याचंच असतं. सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेटही मिळतं आणि ते शाकाहारी चीजला चालतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका त्यांना दाखवा.

ऑरेगॅनो नसेल तर आपली शेंगाचटणी आहेच, पण ती ताटलीत वाढल्यावर वरून घाला. कढईत घातलीत तर सगळा पास्ता तांबडा होईल आणि मुलगा नाक मुरडेल.