पोटनिवडणुकीतलं ‘पोट’

एका वाचकाने विचारलंय: ‘कसब्याच्या पोटनिवडणुकीतील उमेदवार’ असं लिहिताना त्यातलं ‘पोट’ गावठी वाटतं, हिंदीतल्या उपचुनावासारखं ‘उपनिवडणूक’ लिहिलं तर काय बिघडलं?

माझ्या मते बरंच बिघडतं. घरात शेतीचा सातबारा असेल तर काढून बघा. त्यात पोटहिस्सा असतो, पोटखराब असतं. शेताच्या हद्दीतच असलेला पण लागवडीला न येणारा ओढा, खडक म्हणजे पोटखराब. इथे ‘पोट’ म्हणजे ‘च्या आतलं’. पोटकलम कलमाच्या आत, पोटमाळा खोलीच्या आत. आपल्या शब्दाला सगळ्यात जवळचा आहे तो पोटभाडेकरू. मूळ भाडेकरूची मुदत असेल तेवढ्यातच याचा मुक्काम; ती संपली की यालाही बिऱ्हाड हलवावं लागतं.

पोटनिवडणुकीतल्या उमेदवाराचं तसंच. कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक यांचं डिसेंबर २०२२ मध्ये निधन झालं. २६ फेब्रुवारी २०२३ ला मतदान झालं आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर भाजपच्या हेमंत रासने यांना हरवून निवडून आले. भाजपचा इतक्या वर्षांचा गड पडला म्हणून राज्यभर चर्चा झाली, पण धंगेकरांना पाच वर्षं काही मिळाली नाहीत. २०१९ च्या विधानसभेची उरलेली मुदत तेवढी मिळाली. नोव्हेंबर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हेच दोघे पुन्हा समोरासमोर उभे राहिले, आणि या खेपेला रासने निवडून आले. एका निवडणुकीच्या पोटात दुसरी, ती ही अशी.

‘उप’ लावला की ही गोष्ट हातची जाते. उपाध्यक्ष, उपअभियंता म्हटलं की आपल्याला एक पायरी खालचा माणूस दिसतो. पोटनिवडणुकीत निवडून आलेला आमदार मात्र पायरीने खालचा नसतो. सभागृहात त्याचं मत इतरांइतकंच मोजलं जातं. कमी असते ती फक्त मुदत, आणि ती ‘पोट’ नेमकी सांगतं. पोटचं पोर म्हणताना आपल्याला हा शब्द गावठी वाटत नाही, मग इथेच का वाटावा?

लिहिताना एवढं सांभाळा: शब्द जोडूनच, आणि मूळ रूपात ‘णू’ दीर्घ असला तरी प्रत्यय लागताना ऱ्हस्व. पोटनिवडणूक, पण पोटनिवडणुकीत. ‘पोटनिवडणूकीत’ हे मोठमोठ्या फलकांवरही दिसतं, ते चूक आहे.