शंभरावरून पाचशेवर? जरा दमानं!

भाऊ, तू शंभर गावरान कोंबड्या नीट सांभाळल्यास, झकास. पण आता म्हणतोयस तशी लगेच पाचशे पिल्लं उतरवू नकोस. आधी दोनशे कर, गिऱ्हाईक बांध.

- लस: पहिल्या आठवड्यात लासोटा (राणीखेत या कोंबड्यांच्या साथरोगाची लस), चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची. राणीखेत शिरली की औषध नाही.
- खुराडं चाकांवर घे, रोज पुढं सरकव. एकाच जागी ठेवलंस तर कोंबड्या गवत मुळासकट उकरतात, मग चिखल आणि जंत. गाई चरून गेल्यावर तीन-चार दिवसांनी सोड, शेणातल्या अळ्या टिपतात, शेणही पसरतं.
- आवाराच्या कुंपणाची जाळी जमिनीत फूटभर पूर. दोन बोटांच्या फटीतून मुंगसानं माझी अकरा पिल्लं भरदुपारी मारली.

आणि नुसत्या चरण्यावर भागत नाही, दाणा लागतोच. अझोला (खाद्य म्हणून वाढवायची पाण्यावरची वनस्पती), उबवणी यंत्र पुढच्या वर्षी बघू.