ब्रेकची नळी का गळते?

प्रश्न : जीपचे सस्पेन्शन २ इंच उंच केल्यापासून मागच्या ॲक्सलजवळ ब्रेक ऑइलचा ओलावा दिसतो. नुसती नळी बदलून भागेल का?

उत्तर : भागणार नाही. गाडी उंचावली, की जुन्या लांबीची रबरी नळी चाक खाली लोंबताच ताणली जाते आणि खडकाळ वाटेवर चेसिसच्या कडेला घासून झिजते. गाडी जॅक-स्टँडवर उचलून चाके पूर्ण खाली सोडा आणि नळीवर घासून गुळगुळीत झालेला, चकाकणारा पट्टा शोधा. पुरेशा लांबीची नळी बसवून ती रबरी अस्तराच्या क्लिपनेच बांधा. करकचून आवळलेला प्लास्टिकचा टाय मला धोक्याचा वाटतो, कारण त्यात अडकलेली वाळू नळी खाते. ब्रेकमधील हवा काढून ब्रेक नीट लागत असल्याची खात्री होईपर्यंत कृपया गाडी रस्त्यावर आणू नका.