फेस आला म्हणजे डाग गेला असं नाही

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीने बाथरूमला बोअरवेलचं पाणी जोडल्यापासून नळांवर आणि बादलीला पांढरा थर बसतोय. मोबाइलवर बघून मी व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून ओतला. भरपूर फेस आला, थर मात्र तसाच. दोनदा करून पाहिलं, व्हिनेगरची अख्खी बाटली संपली. कुठे चुकलं?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : अहो, तुम्हाला फेसाने फसवलं. व्हिनेगर आंबट आणि सोडा बरोबर त्याच्या उलट गुणाचा. दोन जावा भांडत बसल्या की मोरीतली भांडी तशीच पडून राहतात ना, तसं झालं. वर फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि खाली उरतं ते कुठल्याच कामाचं नसलेलं खारट पाणी. माझ्या भाचीने तर हे मिश्रण बाटलीत भरून झाकण घट्ट लावून ठेवलं होतं. झाकण उडून छताला लागलं, आणि नंतर छत पुसायला मीच स्टुलावर!

तो पांढरा थर म्हणजे कॅल्शियम, जमिनीतल्या दगडातून पाण्यात विरघळलेलं. मुंबईला येणारं भातसा-तानसा तलावांचं पाणी त्या मानाने मऊ, म्हणून गिरगावात आमच्या चाळीतल्या पितळी नळाला हा त्रास कधी झाला नाही. हा थर आंबटाने विरघळतो, पण आंबट एकटंच हवं. जुन्या बनियनचा तुकडा व्हिनेगरमध्ये भिजवा, नळाला गुंडाळा, वरून रबरबँड लावा. अर्ध्या तासाने टूथब्रशने घासून धुऊन टाका. चकचकीत नळाला रात्रभर ठेवू नका, मुलामा खराब होतो. बादलीसाठी व्हिनेगर कशाला? वाण्याकडून लिंबूसत्व आणा. सायट्रिक ॲसिड म्हटलं की तो लगेच देईल. चमचाभर तांब्याभर कोमट पाण्यात घालून बादलीला आतून फासा आणि थोडा वेळ तशीच राहू द्या. तेवढंही नको असेल तर सरबताची पिळलेली लिंबं फेकू नका, त्यांनीच घासा.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. कडाप्पा, शहाबादी आणि संगमरवर यांना आंबट लावायचं नाही. हे दगडही त्याच कॅल्शियमचे, त्यामुळे थराबरोबर फरशीही खाल्ली जाते. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सासूबाईंना दाखवायला म्हणून मी कडाप्पाचा ओटा लिंबाने लखलखीत करायला गेले. दुपारपर्यंत गॅसशेजारी पांढुरका मोठा डाग. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त त्या डागावर कायम पोळपाट ठेवू लागल्या. चाळ पाडेपर्यंत तो डाग होता. ग्रॅनाइटला एवढी भीती नाही.

दुसरी गोष्ट जिवावरची. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी टाकलेल्या मोरीत व्हिनेगर, लिंबूसत्व, संडासाचं ॲसिड काही म्हणजे काही ओतू नका. क्लोरीन वायू निघतो. आपली बाथरूम केवढीशी, त्यात खिडकी वीतभर. चुकून झालंच तर साफ करत बसू नका, आधी बाहेर पडा.

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर तेलाचा चिकट थर बसलाय. भांड्याच्या साबणाने हलत नाही. लिंबू लावू का?
– एक वाचक, परळ

उत्तर : लिंबाचं इथे काही काम नाही. तेलकटपणाला सोडा हवा, तोही धुण्याचा. खाण्याच्या सोड्यापेक्षा तो बराच जहाल असतो, तेलाचा साबण करून टाकतो. वाण्याकडे सुटा मिळतो, नाहीतर प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे. बटण बंद करा, प्लग काढा, पाती सुटत असतील तर सोडवून घ्या. अर्धी बादली कढत पाणी, त्यात दोन मूठ सोडा, हातात रबरी मोजे. पाती प्लास्टिकची किंवा लोखंडाची असतील तर अर्धा तास बुडवून ठेवा. ॲल्युमिनियमची असतील तर अजिबात नको, काळी पडतात. त्यांना गरम पाणी आणि भांड्याचा साबण दोन-तीनदा लावा. मोटरला पाणी लागू देऊ नका, ती ओलसर फडक्याने नुसती पुसायची.

हेच सोड्याचं पाणी करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात उकळलं की करप आपोआप सुटते. तारेची घासणी घेऊन रविवार घालवू नका.

प्रश्न : पावसाळ्यात कपाटाला कुबट वास येतो. कापूर ठेवते, तरी जात नाही.
– एक वाचक, दहिसर

उत्तर : कापराने वास झाकला जातो, ओल जात नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, कपडे बाहेर काढा, दारं उघडी ठेवून दुपारभर पंखा लावा. आतली बुरशी व्हिनेगरच्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. भिंत बाहेरून गळत असेल तर घरातल्या डब्यांत त्यावर औषध नाही, सेक्रेटरीला गाठा.

प्रश्न : चिंच-मिठाने घासलेली समई दोन दिवसांत पुन्हा काळपटते. पितळ खोटं आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पितळ खरंच आहे हो. आंबट नीट धुतलं जात नाही, म्हणून काळपटते. घासून झालं की साबणाने धुवा आणि लगेच कोरडी करा, निथळायला उपडी ठेवू नका. आंबट लावून गप्पा मारत बसलात तर पितळ तांबूस होतं. आणि चिंच विकत कशाला आणता? सोलकढीची पिळलेली आमसुलं मी वाटीत झाकून फ्रिजमध्ये ठेवते, त्यांना मीठ लावलं की झालं. फक्त एकदा आमच्या ह्यांनी ती चटणी समजून भाकरीबरोबर घेतली होती, तेव्हापासून वाटीवर चिठ्ठी लावते.