गाडीतले बदल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गाडी नऊ वर्षांची आहे, हेडलाइट फार मंद वाटतात. रात्री आंबेनळी घाटातून नेहमी ये-जा असते. इलेक्ट्रिशियन 100/90 वॅटचे बल्ब टाकू म्हणतो. टाकावेत का?
– वाचक, पोलादपूर

उत्तर : नका टाकू. तुमच्या एच4 होल्डरसाठी (एकाच बल्बमध्ये अप्पर आणि लो अशा दोन फिलामेंट) रस्त्यावर मान्य असलेला बल्ब 60/55 वॅटचा आहे : अप्पर म्हणजे लांबच्या उजेडाला 60, लो म्हणजे जवळच्या उजेडाला 55. अप्परवर दोन्ही दिवे मिळून साधारण 10 अँपिअर घेतात. 100/90 टाकलेत की तेच 16 ते 17 होतात. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. आधी होल्डर तपकिरी पडतो, मग स्टिअरिंगखालच्या स्विचचे पॉइंट जळतात, रिफ्लेक्टरची चांदी उडते. फ्यूज उडायला लागला की मोठा फ्यूज बसवला जातो, आणि खरा धोका तिथे आहे. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की फ्यूजच्या आधी वायर जळते.

उजेड कुठे हरवतोय ते आधी शोधा. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या. जुन्या गाडीत बहुतेकदा निम्मं काम तिथेच होतं. मग इंजिन चालू, दिवे चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीवर आणि होल्डरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर 14 आणि होल्डरवर 12.5 आले, तर सुमारे एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. अशा गाडीत रिले किट बसवा (रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) : बॅटरीपासून 2.5 चौ. मिमी वायर, बॅटरीच्या वीतभर अंतरात 15 अँपिअरचा फ्यूज, लो आणि अप्परला वेगळे रिले, बॉडीला स्वच्छ घासून अर्थिंग. जुनी वायर फक्त रिले चालू करते. कंपनीची वायर कापू देऊ नका, कपलरला कपलर जोडणारं किट मिळतं. रिले पिना खाली ठेवून लावा, नाहीतर कोकणातल्या पहिल्याच पावसात पाणी आत जाईल. कंपनीनेच रिले दिलेला असेल तर हे किट नको.

एलईडी बल्बही या रिफ्लेक्टरला नको. हॅलोजनच्या लो फिलामेंटखाली छोटी धातूची वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. एलईडीची चिप बरोबर फिलामेंटच्या जागी बसत नाही, उजेड विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. घाटातल्या वळणावर समोरच्याला दिसेनासं झालं तर तो तुमच्याच अंगावर येणार.

शेवटी लेव्हल. भिंतीपासून 5 मीटरवर सपाट जागी, हवा बरोबर भरून, चालक आत बसवून गाडी उभी करा. लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 5 ते 6 सेमी खाली हवी.

प्रश्न : 185/65 आर15 ऐवजी 205/65 आर15 टायर चालतील का?
– वाचक, नाशिक

उत्तर : मापात पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिम इंचात. व्यास 621.5 मिमीवरून 647.5 होतो, म्हणजे 4.2 टक्के जास्त. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी 83च्या पुढे असेल, चढाला गिअर जड वाटेल आणि पूर्ण वळवल्यावर टायर चाकावरच्या मडगार्डच्या आतल्या लायनिंगला घासू शकतो. 3 टक्क्यांच्या आत राहा. 195/65 घेतलात तर फरक 2.1 टक्के. 16 इंची रिम हवी असेल तर 195/55 आर16 मूळ मापाला जवळजवळ तंतोतंत जुळतो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) मूळ टायरपेक्षा कमी नको. 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो. बसवल्यावर चार माणसं आणि सामान घेऊन दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग फिरवून पाहा, मग आत काळे घासे शोधा. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं, तिथे ती फट भरणारी हब रिंग लागतेच; नाहीतर 80च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. चाक बाहेर सरकवणारे स्पेसर अजिबात नको.

प्रश्न : पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी बसवला. आरसीवर नोंद केली नाही तर?
– वाचक, पिंपरी

उत्तर : इंधन हा आरसीवरचा तपशील आहे. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52नुसार परवानगी आणि नोंद लागते. विनापरवाना बदलाला कलम 182-अ खाली प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाहून मोठा घोर विम्याचा आहे. पॉलिसीवर किटची नोंद नसेल तर अपघातानंतर दावा अडतो. किट तुमच्याच मॉडेलसाठी मान्य आहे का ते प्रमाणपत्रावर पाहा, सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करा. रंग बदलायचा असेल तरी हाच नियम, आधी आरटीओ आणि मग पेंटर.