हाय-फ्लो एअर फिल्टर बसवल्याने पेट्रोल स्विफ्टचं पिकअप आणि अ‍ॅव्हरेज वाढतं का?

तुमचा प्रश्न असा आहे : २०२२ची पेट्रोल स्विफ्ट, आठवड्यातून तीन-चार वेळा पंढरपूर ते सोलापूर जाणं-येणं, रस्त्यावर धूळ भरपूर. अ‍ॅक्सेसरीजवाल्याने धुऊन पुन्हा वापरता येणारा हाय-फ्लो एअर फिल्टर सुचवलाय, किंमत पाच हजारांच्या घरात. त्याने पिकअप आणि अ‍ॅव्हरेज वाढेल का, आणि इंजिनाला काही धोका आहे का?

माझं मत आधीच सांगतो : या गाडीला, या रस्त्यावर बसवू नका. माझं सोलापुरात इंजिन बोअरिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून नीट करण्याचं, वर्कशॉप आहे. फिल्टरमधून सुटलेली धूळ शेवटी काय करते ते माझ्या टेबलावर येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अ‍ॅव्हरेज. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे हवा झाली जवळजवळ ११ किलो. मोजली तर ९,००० लिटर. एवढी हवा ओढायची तर फिल्टर जितका मोकळा तितकं इंजिनाला सोपं, असं कुणालाही वाटेल. पण पेट्रोल गाडीत फिल्टरच्या पुढे थ्रॉटलची झडप असते. तुम्ही ७०-८०च्या वेगाने शांतपणे चालला असता तेव्हा ती जेमतेम किलकिली असते आणि हवेची खरी अडवणूक तिथे होते. घराचं दार किलकिलं ठेवून अंगणाचं फाटक सताड उघडलं, तरी घरात येणारा वारा वाढत नाही. त्यातून एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला सतत खबर देत असतो आणि जेवढी हवा आत गेली तेवढंच पेट्रोल सुटतं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा, गाड्या तपासल्या होत्या. अ‍ॅव्हरेजमध्ये दखल घेण्यासारखा फरक पडला नाही, फक्त फुल अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी वेग घ्यायला मंद झाली. तुंबलेल्या फिल्टरने अ‍ॅव्हरेज पडत नसेल, तर चांगल्या कागदी फिल्टरच्या जागी मोकळा फिल्टर लावून ते वाढणार कुठून? कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत तुंबलेला फिल्टर पेट्रोल खायचा, आणि तीच समजूत अजून चालत आलीय.

आता पिकअप. इथे थोडं तथ्य आहे. तुमचं इंजिन ११९७ सीसीचं, ६,००० आरपीएमला ९० पीएसच्या जवळ ताकद देणारं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरतात, म्हणजे ६,०००ला मिनिटाला ३,६०० लिटरच्या थोडी आतच हवा जाते. एवढ्या ओढीत कागदी फिल्टर अडवतो किती, हे मला स्वतः बघायचं होतं. धाकट्या भावाकडे तुमच्यासारखीच गाडी आहे. जुन्या बाजारातून फिल्टरच्या डब्याचं एक झाकण आणलं, त्याच्या स्वच्छ बाजूला बारीक भोक पाडून नळी बसवली आणि ती बोनेटच्या फटीतून आत घेतली. दुसऱ्या टोकाला गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक ट्यूब. ती यू आकारात पुठ्ठ्यावर बांधली, अर्धी पाण्याने भरली, दिसावं म्हणून लाल शाईचे दोन थेंब टाकले. भाऊ गाडी चालवायला, मी बाजूला पुठ्ठा मांडीवर उभा धरून. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. नळीतलं पाणी एका बाजूने वर चढत गेलं आणि ६,०००ला दोन्ही बाजूंत वीतभर अंतर पडलं. मग कागदी फिल्टर काढून मित्राकडून आणलेला कॉटनचा हाय-फ्लो फिल्टर बसवला आणि त्याच रस्त्यावर तेच केलं. वितीच्या ठिकाणी चार बोटं कमी.

म्हणजे दुकानदार खोटं बोलत नाही, हवा मोकळी होते. पण किती? आपल्या भोवतीच्या हवेचा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर साधारण १,००० सेंटिमीटर भरतो. त्यातली चार बोटं, म्हणजे सात सेंटिमीटर, पाऊण टक्कासुद्धा नाही. ९० पीएसचा पाऊण टक्का काढा. तोही फक्त अ‍ॅक्सिलरेटर तळाला आणि काटा ६,०००वर असताना. पंढरपूर रस्त्यावर तुम्ही दिवसातून किती सेकंद असं चालवता? आम्ही त्याच प्रवासात ३,०००लाही पाहिलं होतं. तिथे दोन फिल्टरांतला फरक बोटभरही नव्हता.

मग बसवणारे लोक पिकअप वाढलं असं का सांगतात? तेही मनापासून सांगतात. मोकळ्या फिल्टरमधून इंजिनाचा हवा ओढण्याचा आवाज मोठा आणि घुमणारा येतो. आवाज वाढला की गाडी जोरात वाटते. आणि बऱ्याच वेळा आधीचा कागदी फिल्टर दोन वर्षं बदललेला नसतो. त्याच्या जागी साधा नवा कागदी टाकला असता तरी हाच फरक वाटला असता.

आता धूळ. माझ्या दृष्टीने खरा विषय हाच आहे.

चांगला कागदी फिल्टर आलेल्या धुळीतली ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. तेल लावलेल्या कॉटन जाळीच्या फिल्टरचा आकडा ९६ ते ९९ असा सांगितला जातो. ऐकायला दोन्ही सारखेच. पण अडवलेली धूळ सोडा, आत गेलेली मोजा. समजा काही महिन्यांत १०० ग्रॅम धूळ फिल्टरपर्यंत आली. साडेनव्याण्णव टक्केवाला अर्धा ग्रॅम आत सोडेल, सत्त्याण्णववाला तीन ग्रॅम. सहापट. आपल्याकडची धूळ म्हणजे मुरूम, खडीचा चुरा आणि काळ्या मातीची पूड. त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच बारीक अंश. आपला केस साधारण ७० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो. पिस्टनवरची रिंग आणि सिलिंडरच्या मधला तेलाचा थर काही मायक्रॉनचा. पाच-दहा-वीस मायक्रॉनचा कण तिथे शिरला की पॉलिश पेपरचं काम करतो.

असं इंजिन उघडलं की ओळखता येतं. चांगल्या बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, होनिंगच्या (बारीक घासणीच्या) तिरप्या फुलीसारख्या रेषा लाख किलोमीटरनंतरही दिसतात. धूळ खाल्लेल्या बोअरवर त्या वरच्या दोन-अडीच सेंटिमीटरांत, जिथे वरची रिंग फिरते तिथे, पुसून गेलेल्या असतात. जागा निस्तेज राखाडी दिसते. बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) खाली-वर फिरवला की वर काटा हलतो, खाली शांत. वरच्या रिंगेची धार बोटाला ब्लेडसारखी लागते, खालची तेलाची रिंग मात्र बऱ्यापैकी शाबूत. धूळ तेलातून आली असती तर आधी खालच्या रिंगा आणि बेअरिंग गेले असते. वरून झिजलंय म्हणजे हवेच्या वाटेने आलीय. मग सांगावं लागतं : रीबोअर, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा. खर्च दहा हजारांच्या पटीत. गाडीवाला म्हणतो, ऑइल तर वेळेवर बदलत होतो. खरंच बदलत असतो.

यातली निम्मी प्रकरणं फिल्टरच्या दर्जाची नसतात, तो नीट न बसल्याची असतात. माझ्याच जुन्या गाडीचं सांगतो. २०१२ची डिझेल स्विफ्ट होती. तिला मी हौसेने कॉटनचा फिल्टर घेतला, एका दुकानात बसवून घेतला आणि पहिल्यांदा धुवायलाही तिथेच दिला. महिन्याभरात गाडी चढाला धापा टाकायला लागली, मागून काळा धूर, इंजिनाचा दिवा लागला. फिल्टरनंतरचा पाइप काढला. आत हवेचं वजन मोजणारा एअर मास सेन्सर असतो. त्यात गरम राहणारा नाजूक घटक असतो, हवा त्याला किती थंड करते त्यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो. त्यावर तेलाचा चिकट थर आणि थरावर धूळ. फिल्टरला तेल ओतून लावलं होतं. सेन्सर साफ करण्याच्या स्प्रेने तो सुधारला. (कार्ब्युरेटर क्लीनर तिथे कधीच मारू नका, सेन्सर मरतो.) पण माझं लक्ष वेधलं ते पाइपाने. पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून पाइपाच्या आतून फिरवला, तर तपकिरी-लालसर पट्टा उमटला आणि बोटांत चोळला तर कचकच लागली. हा पाइप फिल्टरच्या नंतरचा, म्हणजे ही धूळ इंजिनात जाणारी. डबा पाहिला तर एका कोपऱ्यात फिल्टरची रबरी कड दुमडली होती. नखाएवढी फट. एवढ्या वाटेने फिल्टर न लागता हवा जात होती. त्या दिवशी कागदी फिल्टर परत गेला, आणि तेव्हापासून वर्कशॉपला येणाऱ्या प्रत्येक गाडीचा तो पाइप मी रुमालाने पुसून बघतो.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. जुन्या ट्रॅक्टरला तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असायचा. नांगरटीच्या दिवसांत तेल गढूळ झालंय का, ते तो रोज सकाळी बघायचा. कारमध्ये फिल्टर डब्यात झाकलेला असतो म्हणून आपण विसरतो.

दुकानात तुम्हाला डब्याऐवजी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टरही दाखवतील. तो तर नकोच. कंपनीचा पाइप पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा घेतो, शंकू बोनेटखालची तापलेली घेतो. उन्हाळ्यात बाहेर ४०, आत ६०. हवा दहा अंशांनी तापली की सुमारे ३ टक्के विरळ होते, म्हणजे २० अंशांत ६ टक्के गेले. मिळवायचा होता पाऊण. आवाजावरून पोलिसांनी अडवलं तर तो ताप वेगळा.

वॉरंटीचं विचाराल तर कंपनीच्याच डब्यात बसणाऱ्या फिल्टरने ती आपोआप रद्द होते असं नाही. पण सेन्सर किंवा रिंगा गेल्या आणि डब्यात बाहेरचा फिल्टर सापडला, तर दावा नाकारायला कारण मिळतं. वॉरंटीच्या पुस्तिकेत नॉन-जेन्युइन पार्टबद्दलचा भाग वाचा.

हे फिल्टर वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. टर्बो इंजिनाचा रीमॅप केलेला (कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेलं), बूस्ट म्हणजे टर्बोचा हवेचा दाब वाढवलेला, गाडी ट्रॅकवर किंवा स्वच्छ एक्स्प्रेसवेवर चालणारी, आणि दर काही तासांनी उघडून बघणारा माणूस, तिथे त्यांचा उपयोग आहे. के अँड एनसारख्या कंपन्यांचं नाव शर्यतीच्या गाड्यांमुळेच झालं. शर्यतीचं इंजिन ठरावीक तासांनी उघडलं जातं. तुमचं दोन लाख किलोमीटर न उघडता चालायला हवं.

पाच हजारांचं काय करायचं? कंपनीचा कागदी फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. पुस्तकात दिलेलं अंतर चांगल्या रस्त्यासाठी आहे, तुमच्या रस्त्याला त्याच्या निम्म्यावर बदला. गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे चालावं लागतं, तेव्हा महिन्यातून एकदा डबा उघडून बघा. पण दर आठवड्याला काढून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारायची सवय नको. त्या दाबाने कागदाचे तंतू फाटतात, आणि उजेडाला धरलं तरी ते दिसत नाही. शिवाय कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो उलट जास्त बारीक कण अडवतो, झटकून नवा करण्याची घाई नसते. पाणी तर लावूच नका. फिल्टर काढल्यावर डबा ओल्या फडक्याने पुसा, कड चारी बाजूंनी बोटाने दाबत जा, क्लिपा लागल्याचा आवाज ऐका आणि पाइपाचा क्लॅम्प हलवून बघा.

एवढं वाचूनही हाय-फ्लो लावायचाच असेल, तर तुमच्या मॉडेलचाच, डब्यात बसणारा घ्या. धुताना स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे हलक्या धारेने पाणी सोडा, सावलीत पूर्ण वाळवा, उन्हात किंवा ड्रायरने नाही. त्याच कंपनीचं तेल प्रत्येक घडीच्या माथ्यावर एक बारीक रेघ असं लावा आणि रात्रभर लटकवून ठेवा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल असलं काही नको. बसवल्यावर ५०० किलोमीटरनी फिल्टरनंतरचा पाइप काढा आणि आतून पांढरा रुमाल फिरवा. रुमालावर कचकच आली, तर कागदी फिल्टर त्याच दिवशी परत घाला. त्यासाठी तो काढल्यावर फेकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डिकीत ठेवा.