खाँसाहेब : एक भूमिका, दोन गायक

प्रश्न : ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकावरून आमच्या घरात जुना वाद आहे. वडिलांच्या मते खाँसाहेब म्हणजे पं. वसंतराव देशपांडे, आणि त्यांच्यानंतर ती भूमिका कोणी करूच नये. मी हे नाटक राहुल देशपांडे यांच्या संचात पाहिले आणि मला त्यात काहीही उणे वाटले नाही. इतक्या वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन प्रयोगांतील एकाच भूमिकेची तुलना न्याय्य रीतीने करता येते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : करता येते, आणि ती कशी करावी याचा धडा याच नाटकात आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद पंडित भानुशंकर आणि त्यांचे प्रतिस्पर्धी गवई खाँसाहेब आफताब हुसेन या दोघांच्याही तोंडी आहे. संगीतकार पं. जितेंद्र अभिषेकी यांनी पंडितजींसाठी ते धानी रागात बांधले आणि खाँसाहेबांसाठी सालगवराळीत. शब्द तेच असूनही एका चालीत समाधान आहे, तर दुसरीत आव्हान. कोणता गळा अधिक तयारीचा, एवढाच प्रश्न मनात ठेवून ही दोन पदे ऐकली, तर नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर आणि अभिषेकी यांना काय सांगायचे होते ते हातून निसटते. पात्राच्या मनात जे चालले आहे ते त्याच्या गाण्यातून ऐकू येते का, ही खरी कसोटी आहे, आणि वसंतराव व राहुल यांनाही तीच लावावी असे मला वाटते.

आता खाँसाहेबांच्या मनात काय आहे ते पाहू. थोर विद्या असूनही वर्षानुवर्षे दुसऱ्या स्थानावर राहावे लागलेला हा गवई आहे. राजगायकाचे पद, हवेली आणि मानाची कट्यार हाती येते, तेव्हा त्याला आनंदापेक्षा सूड घेतल्याचे समाधान अधिक होते. ‘या भवनातील गीत पुराणे’ हे पद त्या क्षणाचे आहे. जुन्या सुरांना घराबाहेर काढणारा हा माणूस पुढे आपल्या घराण्याची विद्या परक्या शिष्याला देण्यास नकार देतो आणि तरीही त्या शिष्याच्या गाण्याने आतून हलतो. म्हणून या भूमिकेत नुसता दरारा पुरत नाही. त्या दराऱ्यामागे जुनी जखम आहे, हे प्रेक्षकाला सतत जाणवत राहिले पाहिजे.

डिसेंबर १९६७ मध्ये ‘नाट्यसंपदा’ या नाट्यसंस्थेने हे नाटक रंगभूमीवर आणले तेव्हा वसंतराव ४७ वर्षांचे होते. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात त्यांनी दीर्घ काळ नोकरी केली होती आणि पूर्ण वेळ गायक म्हणून ते फार उशिरा उभे राहिले होते. योग्यता असूनही थांबावे लागणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मा. दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल ठसा होता, त्यांना अनेक गुरूंकडून विद्या मिळाली होती आणि कोणत्याही एका घराण्याच्या शिस्तीत त्यांचे गाणे पुरते मावत नसे. त्यांची तान सरळ रस्त्याने जात नाही. ती मध्येच वळते, अनपेक्षित स्वरावर झेप घेते आणि ऐकणाऱ्याला सावरायला वेळच देत नाही. ‘तेजोनिधी लोहगोल’ ऐकताना हा माणूस कोणालाही जुमानणार नाही, याची खात्री पहिल्या काही आवर्तनांतच पटते. तेथे स्वभाव आणि गायकी वेगळे काढता येत नाहीत. आपल्या वडिलांचा आग्रह याच अनुभवातून आला असणार, आणि तो खरा आहे.

राहुल यांची अडचण वेगळी होती. वसंतराव जुलै १९८३ मध्ये गेले तेव्हा या नातवाला चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आजोबांसमोर बसून तालीम घेणे त्यांना शक्यच नव्हते, त्यामुळे ती गायकी मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतूनच समजून घ्यावी लागणार होती. नाटकातला तो परका शिष्य सदाशिव खाँसाहेबांची विद्या लपून, कानांनी टिपून घेतो, हे आठवले की राहुल यांच्या खाँसाहेबांकडे मी निराळ्या आदराने पाहतो. सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली २०१० च्या सुमारास ते या भूमिकेत उभे राहिले तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. जाणत्या मुलीच्या बापाचे, दीर्घ काळ अपमान पचवलेल्या माणसाचे वजन त्या वयात आणणे अवघड असते, आणि माझ्या मते वसंतरावांचा खाँसाहेब तेवढ्यापुरता पुढे आहे. मात्र ‘सुरत पिया की’ सारख्या पदात राहुल यांच्या आवाजातील आर्जव जास्त उघडे आहे, त्यामुळे त्यांचा खाँसाहेब अधिक एकटा वाटतो. ही उणीव नाही, भूमिकेचा तो एक प्रामाणिक अर्थ आहे.

घरातील वादासाठी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वडील जर ध्वनिमुद्रिका डोळ्यांपुढे ठेवून बोलत असतील आणि आपण प्रत्यक्ष प्रयोग, तर तुलना मुळातच विषम आहे. मुद्रिकेतील पद ठरावीक वेळेत बसवलेले असते आणि पुन्हा पुन्हा ऐकून त्याची एकेक जागा आपल्या कानात पक्की होते. रंगमंचावर तेच पद त्या रात्रीच्या श्रोत्यांबरोबर वाढते, ‘वन्स मोअर’ मिळाला की वेगळ्या वळणाने येते. पाठ झालेल्या जागा जशाच्या तशा मिळाल्या नाहीत म्हणून नव्या गायकाला उणे ठरवणे अन्यायाचे आहे. वसंतराव स्वतः तरी प्रत्येक प्रयोगात तेच ते गाणारे गायक नव्हते.

प्रश्न : याच वाचकांनी पुढे विचारले आहे की, २०१५ च्या चित्रपटातील खाँसाहेबांनाही या तुलनेत धरावे का?

उत्तर : धरू नये. चित्रपटात ही भूमिका सचिन पिळगावकर यांनी केली आणि पदांसाठी आवाज राहुल यांचा होता. डोळ्यांतला राग एका कलावंताचा आणि गळ्यातला दुसऱ्याचा, ही रचना पडद्यावर चालते आणि तेथे तिचे मोल वेगळ्या निकषांवर करावे. रंगमंचावरील खाँसाहेबाला मात्र ज्या श्वासावर संवाद संपवायचा त्याच श्वासावर पहिला सूर लावावा लागतो. वडील आणि आपण ज्या दोन गायकांविषयी वाद घालत आहात, त्या दोघांनीही हे प्रेक्षकांसमोर केले आहे.